पक्का रंग आणि वाहते पाणी

कापसाचे सूत रंगाला सहजासहजी दाद देत नाही. लोकर आणि रेशीम हे प्राणिज तंतू होत. त्यांच्या घटनेतील प्रथिने रंगद्रव्याला चटकन जवळ करतात. कापूस मात्र सेल्युलोजचा बनलेला असतो आणि बहुतेक वनस्पतिज रंगांना त्याच्यावर धरून राहण्यासारखे काही सापडत नाही. रंगपंचमीला पळसाच्या फुलांचे पाणी उडवले म्हणजे कपडे केशरी होतात आणि दोन-चार धुण्यांत ते पुन्हा पूर्ववत होतात, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. फुले, साली, मुळे व फळे यांतून रंग काढणे ही तशी अवघड गोष्ट नव्हे. तो रंग सुती कापडावर कायमचा बसवणे हीच रंगाऱ्याची खरी विद्या होय.

ही विद्या भारतात फार प्राचीन काळापासून अवगत होती. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे बारीकसे तुकडे मिळाले. ते कापसाचे असल्याचे मुंबईतील माटुंगा येथील कापूस प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात झालेल्या तपासणीतून निश्चित झाले. त्या कापडावरील रंग मंजिष्ठेच्या वर्गातला होता. मंजिष्ठेचा रंग सुतावर टिकवायचा तर त्याला धातूच्या क्षाराची जोड द्यावी लागते. यावरून चार हजार वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्याला त्या जोडीचे रहस्य उमगले होते, असा निष्कर्ष निघतो. इजिप्तमध्ये जुन्या कैरो नगरीजवळ फुस्तात येथे सापडलेले मध्ययुगीन गुजराती कापडाचे तुकडेही याच पद्धतीने रंगवलेले आहेत.

एके काळी हे ज्ञान देशाच्या बहुतेक भागांत पसरलेले होते. महाराष्ट्रातील रंगारी, निराळी आणि भावसार या समाजांची नावे व व्यवसाय याची साक्ष देतात. आज मात्र ही परंपरा तिच्या सर्व पायऱ्यांसह पाहावयाची असेल तर ज्या थोड्या ठिकाणी जावे लागते, त्यांत जयपूरचा परिसर अग्रगण्य आहे.

जयपूरचा परिसर

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर नगराची स्थापना केली. त्या नगराच्या दक्षिणेस सुमारे सोळा किलोमीटरवर सांगानेर हे गाव आहे, तर अजमेरच्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर बगरू आहे. आता शहर वाढत वाढत सांगानेरला येऊन भिडले आहे. पूर्वी स्वतंत्र असलेले जगतपुरा हे गाव जयपूरचे दाट वस्तीचे उपनगर बनले असून, जगतपुरा व सांगानेर यांच्या लगत सीतापुरा ही औद्योगिक वसाहत वसली आहे. जेथे छापलेली कापडे नदीकाठच्या वाळूत वाळत पडत, त्या भूभागाच्या आसपास आज निर्यातीचे तयार कपडे शिवणारे कारखाने आहेत.

सांगानेर आणि बगरू या दोन्ही ठिकाणी छपाई करणारा समाज छिपा या नावाने ओळखला जातो. मात्र दोन गावांच्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. सांगानेरचे वैशिष्ट्य म्हणजे पांढऱ्याशुभ्र जमिनीवरील नाजूक बुट्टे. फुलाचा देठ, पाकळी व पान यांचे बारकावे लाकडी ठशात कोरून ते स्वच्छ उमटवणे ही तेथील कारागिरांची ख्याती. बगरूची जमीन पांढरी नसून फिकट पिवळसर असते आणि तिच्यावर प्रामुख्याने काळ्या व तांबड्या रंगांत ठसठशीत नक्षी छापली जाते. सांगानेरच्या हातछपाईला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि त्यानंतर लवकरच बगरूच्या छपाईलाही तो मिळाला. बगरूची ही फिकट पिवळी जमीन शोभेखातर योजलेली नाही. पक्क्या रंगाच्या साऱ्या क्रियेचा पाया तीच आहे.

हिरडा, लोखंड आणि तुरटी

कोरे कापड प्रथम स्वच्छ करावे लागते. सुतावरील खळ, तेलकटपणा व मेण निघून गेल्याखेरीज ते पाणी शोषून घेत नाही. जुन्या रीतीत यासाठी शेण, तीळतेल व सोडा यांच्या मिश्रणात कापड भिजवून ठेवीत आणि मग धूत. त्यानंतर ते हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावच्या रानांत आदिवासी कुटुंबे जो हिरडा वेचतात, त्याच वृक्षाचे हे फळ. राजस्थानात त्याला हरडा म्हणतात. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. टॅनिन सुताला चिकटते आणि त्याच वेळी धातूच्या क्षारांनाही पकडून ठेवते. अशा रीतीने जे सूत एरवी धातूला थारा देत नसे, त्याच्यावर धातूला बसावयास जागा तयार होते. कापडाला आलेली पिवळसर छटा हे या तयारीचे दृश्य चिन्ह होय.

यानंतर छपाईस प्रारंभ होतो. ठसे साग किंवा शिसवीसारख्या लाकडाचे असतात. एका नक्षीसाठी पार्श्वभूमीचा, बाह्यरेषेचा व आतील भरणीचा असे वेगवेगळे ठसे कोरलेले असतात. ठशाने कापडावर उमटतो तो मात्र बहुधा रंग नसतो. जो लागतो तो धातूचा क्षार होय. यालाच रंगबंधक असे म्हणतात.

काळ्यासाठी लोखंडाचे गंजके तुकडे, गूळ व पाणी मातीच्या भांड्यात पंधरा-वीस दिवस आंबत ठेवतात. गूळ आंबून त्याचे आम्ल बनते व ते लोखंडाला विरघळवते. या द्रवात चिंचोक्याची खळ घालून तो दाट केला म्हणजे छापण्यास योग्य होतो. हिरड्याच्या कापडावर तो पडताच लोह व टॅनिन यांचा संयोग होऊन काळा रंग उमटतो. या काळ्याला छिपा लोक ‘स्याही’ म्हणतात. मराठीतील शाई हा शब्द त्याच मुळाचा आहे, आणि हिरडा व हिराकस यांपासून लिहिण्याची शाई बनवण्याची जुनी रीतही याच रासायनिक क्रियेवर आधारलेली होती.

तांबड्यासाठी तुरटीची खळ छापतात. तिला ‘बेगर’ असे नाव आहे. तुरटी रंगहीन असल्यामुळे ठसा कोठे पडला हे दिसावे म्हणून तिच्यात थोडी गेरू मिसळतात. छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवले जाते. मग ते वाहत्या पाण्यात धुतात. येथे फार दक्षता घ्यावी लागते. सुटलेली तुरटी कापडाच्या दुसऱ्या भागावर बसली तर तेथेही तांबडा डाग पडतो. पाणी वाहते असेल तर सुटलेला क्षार ताबडतोब दूर निघून जातो, आणि साचलेल्या पाण्यात मात्र तो परत कापडावरच बसतो.

शेवटी हे कापड तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळतात. त्या पाण्यात आल किंवा मंजिष्ठेच्या मुळांतील रंगद्रव्य आणि धायटीची फुले असतात. फुलांमुळे रंग सारखा चढतो. जेथे तुरटी छापली असेल तेथे कापड लालभडक होते, लोखंडाच्या जागा अधिक गडद होतात, आणि जेथे काहीच छापले नसेल तेथे लागलेला पुसट रंग पुढील धुण्यात व उन्हात निघून जातो. एकाच हंड्यात एकाच रंगात बुडवलेले कापड अनेक रंगांचे होऊन बाहेर येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने इजिप्तमधील अशाच पद्धतीचे वर्णन मोठ्या आश्चर्याने केले आहे. या आश्चर्याचे रसायन सोपे आहे. रंगाचा रेणू आणि धातूचा अणू मिळून एक अविद्राव्य संयुग बनते व ते तंतूतच अडकून बसते. तुरटीतील ॲल्युमिनियमशी जोडले गेलेले रंगद्रव्य तांबडे दिसते आणि लोखंडाशी जोडले गेलेले तेच द्रव्य जांभळट किंवा तपकिरी दिसते.

नीळ आणि चिखल

निळीचा प्रकार याहून सर्वस्वी निराळा आहे. तिला रंगबंधक लागत नाही. निळीच्या पानांपासून मिळणारी वडी पाण्यात विरघळतच नाही, ही तिची मुख्य अडचण. तिचे रासायनिक क्षपण केले म्हणजे ती चुन्यासारख्या अल्कली पाण्यात विरघळते. म्हणून जमिनीत पुरलेल्या खोल रांजणात नीळ, चुना व गूळ ही द्रव्ये एकत्र ठेवून ती आंबवतात. दक्षिणेत या कामी टाकळ्याच्या बियांचाही उपयोग होत असे. तयार झालेल्या रांजणातील पाणी निळे नसून पिवळट हिरवे असते. कापडही तसेच हिरवट होऊन वर येते. हवा लागताच काही क्षणांत ते निळे होते, कारण हवेतील प्राणवायूमुळे नीळ पुन्हा अविद्राव्य बनून तंतूंच्या आत बसते. गडद छटा हवी असेल तर कापड पुन्हा पुन्हा बुडवावे लागते.

निळीच्या रांजणात संपूर्ण कापड बुडत असल्यामुळे नक्षी राखण्यासाठी काही भाग झाकणे आवश्यक ठरते. यासाठी बगरूत ‘दाबू’ वापरतात. तळ्यातील काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचे पीठ यांचा हा चिखल असतो. तो ठशाने कापडावर छापून त्याच्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात व कापड उन्हात वाळवतात. चिखल चिकटलेला भाग निळीपासून बचावतो आणि धुतल्यावर तेथे मूळचा रंग दिसू लागतो. वाळताना चिखलाला ज्या बारीक भेगा पडतात, त्यांतून निळीच्या रेघा आत शिरतात. या रेघा हाताने केलेल्या दाबूच्या कामाची ओळखच होत. निळ्या कापडावर पुढे हळद किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवला की हिरवा रंग तयार होतो.

परदेशी कुतूहल आणि प्रयोगशाळा

सतराव्या शतकात भारताची छापील सुती कापडे युरोपात जाऊ लागली तेव्हा तेथील लोकांना सर्वांत अधिक नवल वाटले ते धुतल्यावरही न उतरणाऱ्या रंगाचे. या कापडांना इतकी मागणी आली की तेथील विणकरांच्या दबावामुळे फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली, आणि इंग्लंडनेही १७०० व १७२१ मध्ये तसे कायदे केले. बंदी होती तरी युरोपीय लोक या विद्येचा शोध घेतच राहिले. भारतात राहिलेल्या केर्दू या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७४२ मध्ये दक्षिणेतील रंगाऱ्यांकडून मिळवलेली या क्रियेची माहिती मायदेशी पत्रातून कळवली. १७५९ मध्ये फ्रान्समधील बंदी उठली आणि तेथे छपाईचे कारखाने वाढू लागले.

पुढील शतकात रसायनशास्त्राने या विद्येच्या मुळाशीच हात घातला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला मलेरियावरील क्विनीन कृत्रिमरीत्या बनवण्याच्या प्रयत्नात अनपेक्षितपणे एक जांभळा रंग गवसला. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतींचे प्रमुख रंगद्रव्य अलिझारिन प्रयोगशाळेत सिद्ध केले. आडोल्फ फॉन बायर याने निळीची घटना उलगडली आणि जर्मनीतील बी. ए. एस. एफ. या कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली.

याचे परिणाम दूरवर पोहोचले. मध्य भारतातील काळ्या जमिनींत आलाची लागवड होत असे. या झुडपाची मुळे तीन-चार वर्षांनी खणून काढावी लागत आणि त्यांतील बारीक मुळांचा रंग अधिक चांगला समजला जाई. स्वस्त अलिझारिन येताच एवढी वर्षे जमीन गुंतवून ठेवणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले व हे पीक जवळजवळ नाहीसे झाले. निळीची कथा अधिक कटू आहे. तिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने उठाव केला आणि १९१७ मध्ये चंपारणात महात्मा गांधींनी सत्याग्रह केला. निसर्गातून मिळणारा रंग समाजाच्या दृष्टीनेही निर्दोष असतोच असे नाही, याचा हा धडा विसरता येत नाही.

बगरूच्या संदर्भात येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज तेथील तांबड्या रंगासाठी बहुतेक वेळा मुळांऐवजी कारखान्यातील अलिझारिनच वापरले जाते. तो रेणू तोच आहे; त्याला तुरटी व हिरडा लागतोच, आणि हंड्यातील क्रियाही तीच राहते. मुळांत मात्र अलिझारिनच्या जोडीला त्याच कुळातील इतर द्रव्येही असतात व त्यांमुळे छटेला वेगळी खोली येते. तेव्हा ‘नैसर्गिक रंगाचे कापड’ अशी चिठ्ठी लावलेल्या कापडात कोणता घटक वनस्पतीतून आला आहे व कोणता कारखान्यातून, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

पाण्याचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगानेरच्या छपाईचे स्वरूप बदलत गेले. हिरड्याऐवजी तयार रासायनिक रंग आले आणि लाकडी ठशांच्या जोडीला जाळीच्या चौकटीतून छापण्याची पद्धत आली. काम वेगाने होऊ लागले, रंगांची संख्या वाढली आणि कापडही स्वस्त झाले. हजारो माणसांना रोजगार मिळाला, हेही नाकारता येत नाही. परंतु या रंगांचा बराचसा अंश कापडाला न चिकटता धुण्याच्या पाण्यातून निघून जातो. तो सांगानेरजवळून वाहणाऱ्या द्रव्यवती नदीत व आसपासच्या नाल्यांत मिसळू लागला. त्या पाण्यावर भाजीपाला पिकवला जात असल्याने प्रश्न आरोग्याचा बनला. २००३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने रंगाई-छपाईच्या प्रदूषणकारी कारखान्यांना उलाढालीच्या प्रमाणात भरपाई भरण्याचा आदेश दिला. पुढे सांगानेर येथे सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले आणि २०१६ पासून द्रव्यवतीच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम हाती घेण्यात आले.

रंगांच्या घातकतेचा विचार इतरत्रही होत होता. काही ॲझो रंगांचे विघटन होऊन कर्करोगजनक द्रव्ये निर्माण होतात असे आढळल्यावर जर्मनीने १९९०च्या दशकात त्यांच्यावर बंदी घातली, आणि भारतानेही १९९७ मध्ये अशा अनेक रंगांचा वापर निषिद्ध ठरवला. जुन्या वनस्पतिज रंगांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळण्यास हे एक महत्त्वाचे कारण घडले.

परंतु ज्या पाण्यामुळे ही कला येथे रुजली, ते पाणीच आता दुर्मीळ झाले आहे. जयपूर जिल्ह्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून पुष्कळ अधिक होतो. नदीच्या प्रवाहात धुतले जाणारे कापड आता कूपनलिकेच्या पाण्याने भरलेल्या सिमेंटच्या हौदांत धुतले जाते. वाहत्या पाण्याचे काम साठलेल्या पाण्याकडून करून घ्यावयाचे म्हणजे ते वारंवार बदलावे लागते आणि एवढे पाणी आता उपलब्ध नसते. पाण्याचा गुणही तितकाच महत्त्वाचा असतो. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोह हे स्वतःच रंगबंधक असल्याने तेथील अजरख छपाईचे रंग बिघडू लागले. अखेर अनेक खत्री कुटुंबांनी भूजजवळ अजरखपूर ही नवी वसाहत वसवली. पाणी बदलल्यामुळे एका कलेला गाव बदलावे लागल्याचे हे उदाहरण बोलके आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी काय?

या कलेविषयी आस्था असणाऱ्यांनी काही मर्यादा मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. कृत्रिम रंग कापडाच्या वजनाच्या दोन-चार टक्के लागतो, तर मंजिष्ठेची मुळे कित्येकदा कापडाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून त्याच्याबरोबरीने घ्यावी लागतात. सर्व देशाचे कापड वनस्पतींनी रंगवावयाचे ठरवले तर अन्नधान्याची जमीन त्यासाठी द्यावी लागेल. हंडे उकळण्यास जळण लागते. सर्वच वनस्पतिज रंग टिकाऊ नसतात. हळदीचा पिवळा व कुसुंब्याचा गुलाबी उन्हात लवकर विटतो. लोखंडाचा काळा रंग टिकतो खरा, पण तोच कालांतराने सूत कुजवतो. कित्येक जुन्या कापडांत नक्षीचा काळा भाग तेवढा झडून गेलेला आढळतो. रंगबंधक म्हणून क्रोमियमचे क्षार वापरले तर वनस्पतीचा रंग वापरूनही सांडपाणी विषारीच राहते. या दृष्टीने तुरटी व लोखंड यांवर समाधान मानणारी जुनी रीत अधिक शहाणपणाची ठरते.

मग या परंपरेचे मोल कशात आहे? ती कारखान्यांची जागा घेऊ शकणार नाही. तथापि थोड्या प्रमाणात, जाणत्या ग्राहकासाठी, योग्य मोबदल्यात तिचे कापड तयार होऊ शकते आणि होतही आहे. आमेर येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या हातछपाईच्या अनोखी संग्रहालयात ठसे, जुनी कापडे व छपाईच्या पायऱ्या लोकांना पाहावयास मिळतात. पण संग्रहालयात ठसा जपता येतो, नमुना जपता येतो. लोखंडाचे पाणी पुरेसे आंबले की नाही हे वासावरून ओळखणारे नाक आणि निळीच्या रांजणाची प्रकृती फेसावरून जाणणारी नजर काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती केवळ रोजच्या कामातूनच बापाकडून मुलाकडे जाते, आणि मुलाने दुसरा व्यवसाय पत्करला की एका पिढीत नाहीशी होते.

या विद्येला हिरडा रानातून मिळेल, तुरटी बाजारातून मिळेल आणि अलिझारिन कारखान्यातूनही मिळेल. स्वच्छ पाणी आणि ते हाताळणारा कुशल माणूस यांना मात्र पर्याय नाही. जयपूरच्या दक्षिणेकडील ज्या भागांत शहर झपाट्याने वाढत आहे, तेथे पावसाचे पाणी अडवणे, तळी राखणे व सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे ही कामे केवळ नागरी सोयीची मानली जातात. वस्तुतः बगरूच्या हंड्यातील तांबडा रंगही त्यांच्यावरच अवलंबून आहे.